दोन वीत

आधी वायर काढ, ट्यार्क.
हसू नकोस. मागच्या थंडीत एक शहाणा
गोदामाच्या भिंतीतलं अख्खं सॉकेट उपटून
शेपटीसारखं फरफटत धक्क्यापर्यंत घेऊन गेला होता.

मग गाडीभोवती एक फेरी.
सीटवर बसून आरशात डोकावणं म्हणजे फेरी नव्हे.
चाकाच्या आडोशाला मांजर असतं, कुणाचं पोर असतं,
जूनमध्ये तर कड्यावरून उडी टाकलेलं,
समुद्र चुकलेलं एखादं पिल्लू.

आता बस. डावा पाय आत.
बाहेर लोंबणारा पाय हा रुबाब नाही,
घोट्यानं काढलेली निमंत्रणपत्रिका आहे.

किल्ली फिरव.
काय ऐकू आलं?
काहीच नाही ना?
माझ्या बापाची डिझेलची बोट
सुरू होताना खोकायची, थुंकायची,
सगळं बंदर उठवायची.
ही नुसता एक हिरवा ठिपका दाखवते.
झोपलीय असं समजू नकोस.

हा खटका. पुढे, मध्ये, मागे.
उभी असेल तेव्हा मध्ये.
चाकं पुरती थांबल्याशिवाय दिशा बदलायची नाही.
मागे घेताना ती पीं पीं करते,
पण मान तुझी तुलाच वळवायची आहे.

दोन पेडलं, पाय एकच, उजवा.
अंड्यावर ठेवतोयस असा ठेव.
उचललास की ती आपणहून मंदावते, त्याची चटक लागते.
पण वरच्या वस्तीच्या ओल्या उतारावर,
मागे बिअरची चाळीस खोकी असताना,
ब्रेक तो ब्रेक.
आणि खोकी उंच रचशील
तर इथला वारा एका वळणात हिशेब चुकता करतो.

हा हँडब्रेक. ओढ.
कर्र.
तिच्यापाशी एवढाच एक आवाज आहे.
तो कानानं ऐकल्याशिवाय
सीटवरून बूड हलवायचं नाही.

मी हलवलं होतं.
अकरा वर्षं झाली, नोव्हेंबर होता.
एका पार्सलचीच तर गोष्ट, म्हणून टुणकन उतरले.
किल्ली तशीच, खटका पुढे.
सीटवरची टपालाची पिशवी घरंगळली
ती सरळ पेडलवर.

समोर ओनो.
रस्त्याच्या मधोमध, पाठमोरा, हातात पावाची पिशवी.
हेलगोलँडवर मोटारींना बंदी,
त्यामुळे माणसं रस्ता आपलाच समजून चालतात,
आणि बरोबरच समजतात.
त्याचा उजवा कान गोदीत गेलेला,
डाव्यात वारा भरलेला.

मी ओरडले असेन. आठवत नाही.
आठवतं ते अर्धं अंग बाहेर लोंबत असताना
मुठीत आलेला हा दांडा
आणि सोललेला तळहात.
थांबली तेव्हा बंपर आणि त्याच्या पोटऱ्या
यांच्यात दोन वीत.
डोळ्यांनी मोजलं.
अजून मोजते.

ओनोला कानोकान खबर नाही.
तो तसाच चालत गेला,
कोपऱ्यावर थांबून पावाचा तुकडा
एका लोचट पाखराला टाकला, आणि दिसेनासा झाला.
दर नाताळात मला व्हिनेगरमध्ये मुरलेल्या
हेरिंगची बरणी आणून देतो.
म्हणतो, बाई, तुझ्यासारखं सांभाळून कुणी चालवत नाही.
मी बरणी घेते.
संपवतेसुद्धा.

घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही कधी.
तुला सांगितलं, कारण सोमवारपासून ही किल्ली तुझ्या खिशात.

चल, काढ हँडब्रेक. खटका पुढे.
हळू. अंडं, अंडं.

बघ, निघालाच तो, वेळेला पक्का.
हॉर्नवरचा हात काढ, त्याला काय ऐकू येणार?
बोटीला अवकाश आहे.
नसता तरी
आपण त्याच्या मागून, त्याच्याच चालीनं गेलो असतो.
थोडं अंतर ठेव.
आणखी थोडं.